पियानो सोनाटांची लोकप्रियता

पियानो सोनाटांची लोकप्रियता : एकाच संगीतकाराने लिहिलेल्या, साधारण सारख्याच तोलाच्या सोनाटांपैकी (सोनाटा म्हणजे वाद्यासाठी लिहिलेली, बहुधा अनेक भागांची रचना) काही घरोघरी पोचतात आणि काही जाणकारांपुरत्याच उरतात. यामागे रचनेच्या गुणवत्तेइतकाच टोपणनाव, वाजवायला सोपा असा एखादा भाग, शिकवणीतले स्थान आणि वादकांचा आग्रह यांचाही हात असतो.

सर्वांत बोलके उदाहरण लुडविग व्हान बेथोव्हेन (१७७०–१८२७) याच्या ओपस २७ (ओपस म्हणजे प्रकाशित रचनेचा क्रमांक) मध्ये सापडते. १८०२ साली व्हिएन्नात प्रसिद्ध झालेल्या या ओपसखाली दोन सोनाटा आहेत. पहिला ई-फ्लॅट मेजर या स्वरश्रेणीतला आहे आणि बांधणीच्या दृष्टीने दोहोंत तोच अधिक धाडसी म्हणावा लागेल. त्याचे भाग मध्ये न थांबता एकमेकांत शिरतात आणि शेवट जवळ आला असताना संथ भागातली धून अचानक परतते. तरीही मैफलीत तो क्वचितच ऐकायला मिळतो. दुसरा, सी-शार्प मायनरमधला, जगभर ‘मूनलाइट’ म्हणून ओळखला जातो. हे नाव बेथोव्हेनचे नव्हे. समीक्षक लुडविग रेल्स्टाब याने पहिल्या भागाला लुत्सर्न सरोवरावरच्या चांदण्याची उपमा दिली आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर ते नाव रुळले.

नाव चिकटले, कारण त्याला साजेसे काही त्या संगीतात होतेच. उजव्या हातात तीन-तीन स्वरांचे गट एकाच संथ लयीत फिरत राहतात, डावा हात खाली खर्जातले लांब स्वर धरून ठेवतो, आणि पाचव्या मात्राखंडात वर एकच स्वर पुन्हापुन्हा वाजत धून सुरू होते. हा भाग अतिशय हळुवारपणे आणि तारांचा नाद दाबणारे दमक उचलून वाजवावा, अशी सूचना बेथोव्हेनने लिहून ठेवली आहे. बोटांना फारशी कसरत नसल्याने काही वर्षे शिकलेला हौशी वादकही तो वाजवू शकतो. तिसरा भाग मात्र वादळी आणि कमालीचा अवघड आहे; घरी वाजवणारे बहुतेक जण तिथवर जात नाहीत. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या मध्यमवर्गीय घरांत पियानो आला आणि छापील स्वरलिपीची बाजारपेठ वाढली, तेव्हा अशा सोप्या भागाला मोठी मागणी होती. या सोनाटाच्या कौतुकाने खुद्द बेथोव्हेन वैतागत असे. आपण याहून चांगले लिहिले आहे, असे सांगून तो एफ-शार्प मेजरमधल्या ओपस ७८ कडे बोट दाखवी, अशी आठवण त्याचा शिष्य कार्ल चेर्नी याने नोंदवली आहे. दोनच भागांचा तो नितळ सोनाटा आजही मागेच आहे, ही खेदाची गोष्ट.

त्याच्या आणखी एका सोनाटाचे ‘आपासिओनाता’ हे नावही बेथोव्हेनच्या मृत्यूनंतर, १८३८ मध्ये एका प्रकाशकाने दिले. पण नुसत्या नावाने भागत नाही. बेथोव्हेनचा आश्रयदाता आर्चड्यूक रुडॉल्फ व्हिएन्ना सोडून गेला त्या प्रसंगावर लिहिलेल्या ओपस ८१-अ ला बेथोव्हेनने स्वतः ‘निरोप’ या अर्थाचे शीर्षक दिले होते. तरीही सामान्य श्रोत्यांत तो ‘मूनलाइट’च्या जवळपासही पोचला नाही. त्यात हौशी हातांना सहज पेलेल असा भाग नाही. ‘हामरक्लाव्हियर’ (ओपस १०६) तर सुमारे पाऊण तासाचा आणि इतका कठीण, की तो प्रत्यक्ष मैफलीत ऐकण्यासाठी १८३६ मध्ये पॅरिसला फ्रांट्स लिस्टच्या तोडीचा वादक लागला.

शिकवणीची वाट वेगळी. मोझार्टने १७८८ मध्ये आपल्या सूचीत ‘नवशिक्यांसाठी’ म्हणून नोंदवलेला सी मेजर सोनाटा (कोशेल सूचीत के. ५४५) त्याच्या हयातीत छापलाही गेला नाही. पुढे मात्र पियानो शिकणाऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी तो गिरवला आणि त्याची सुरुवात सर्वतोमुखी झाली.

ध्वनिमुद्रणानेही चित्र पालटले. पियानोवादक आर्टूर श्नाबेल याने १९३० च्या दशकात बेथोव्हेनचे सर्व ३२ सोनाटा प्रथमच ध्वनिमुद्रित केले. त्यामुळे मागे पडलेलेही घरबसल्या ऐकता येऊ लागले. फ्रांट्स शूबर्टच्या सोनाटांसाठीही त्याने नेटाने प्रयत्न केले. शूबर्टचे शेवटचे तीन सोनाटा १८२८ च्या सप्टेंबरमध्ये, मृत्यूच्या दोन महिने आधी पूर्ण झाले आणि थेट १८३९ मध्ये छापले गेले. पसरट, बेथोव्हेनसारखी घट्ट वीण नसलेले म्हणून त्यांच्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. त्यांतला बी-फ्लॅट मेजर (डॉइच सूचीत डी. ९६०) टोपणनावाचा नाही, सोपा नाही, आणि पुनरावृत्ती घेतल्यास त्याचा पहिला भागच वीस मिनिटांच्या आसपास जातो. आज मात्र तो जगातल्या बड्या पियानोवादकांच्या मैफलींत हमखास असतो.