पन्नास अंशांच्या पाण्यात उसाचा डोळा जगतो कसा?

निपाणी-चिक्कोडीच्या दूधगंगाकाठापासून अथणी-रायबागच्या कृष्णाकाठापर्यंत ऊस लावायचा म्हटलं की आधी बेण्याची काळजी. तगडं दिसणारं बेणंही आतून रोगट असू शकतं. लीफसोनिया झायली हा जिवाणू उसाच्या पाणी वाहणाऱ्या नलिकांत ठाण मांडतो, पानांवर ठळक खूण दाखवत नाही आणि खोडवा मात्र खुजा ठेवतो. फवारणीने तो हटत नाही. म्हणून टिपऱ्या, म्हणजे लागणीसाठी तोडलेले डोळ्यांसहित उसाचे तुकडे, ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात २ तास बुडवतात. गवताळ वाढीच्या रोगासाठी (यात उसाला गवतासारखे बारीक फुटवे येतात) बाष्पयुक्त उष्ण हवा वापरतात, ५४ अंशांना अडीच तास.

या उष्णतेत डोळ्यातली पेशीही शिजायला हवी. अंड्याचा पांढरा बलक तापून घट्ट होतो, तसंच पेशीतल्या प्रथिनांचं होतं: नीट घडी घातलेली साखळी उलगडते आणि एकमेकींना चिकटून गोळे बनतात. पेशी तग धरते ती यावर इलाज असल्यामुळे.

पहिली चाहूल पेशीच्या आवरणाला लागते. ते जास्त प्रवाही होतं, कॅल्शियमची दारं उघडतात आणि कॅल्शियम आत घुसतं. आतला दुसरा पहारा अधिक चतुर आहे. उष्माघात घटक नावाची नियामक प्रथिनं एरवी एचएसपी-७० आणि एचएसपी-९० या मदतनीस प्रथिनांच्या (एचएसपी म्हणजे उष्माघात प्रथिनं) पकडीत निपचित असतात. प्रथिनं उलगडू लागली की हे दोन मदतनीस तिकडे धावतात, पकड सुटते. मोकळे झालेले घटक तिघा-तिघांनी एकत्र येऊन केंद्रकात शिरतात आणि ठरावीक जनुकं चालू करतात. म्हणजे हा पहारा तापमान मोजत बसत नाही, झालेलं नुकसान मोजतो. नेहमीच्या प्रथिनांचं उत्पादन तोवर बरंचसं थांबतं.

१९६२ मध्ये इटलीच्या फेरुच्चिओ रितोसा यांनी फळमाशीच्या गुणसूत्रांवर उष्णतेने उमटलेले फुगवटे, म्हणजे चालू झालेल्या जनुकांच्या जागा, नोंदवले. त्या जनुकांतून बनणारी प्रथिनं १९७४ मध्ये सापडली. वनस्पतींत त्यांची फौज मोठी: छोटी प्रथिनं उलगडलेल्या साखळ्या धरून ठेवतात, एचएसपी-१०१ झालेले गोळे सोडवतं, एचएसपी-७० पुन्हा घडी घालायला मदत करतं. या शेवटच्या दोन कामांना ऊर्जा लागते आणि ती श्वसनातून येते. प्रक्रियेनंतर ओल्या, गरम टिपऱ्यांचा ढीग घालून ठेवू नये, ते याचसाठी. आतल्या टिपऱ्यांना हवा मिळत नाही, ढीगही लवकर निवत नाही, आणि दुरुस्ती ऐन वेळी अडते.

ही फौज उभी राहायला वेळ लागतो. नाजूक वाणांसाठी म्हणून एक युक्ती वापरली जाते: आदल्या दिवशी ५० अंशांत फक्त १० मिनिटं बुडी, दुसऱ्या दिवशी पूर्ण २ तास. पहिल्या बुडीत नुकसान किरकोळ होतं, पण इशारा पोचतो. हीच युक्ती जिवाणूलाही लागू पडेल का, ही शंका रास्त आहे. उष्माघात प्रथिनं त्याच्याकडेही असतातच; म्हणूनच दुसऱ्या दिवशीचा वेळ कमी करायचा नसतो.

डोळा जगणं आणि रोगजंतू मरणं यांत अंतर फार थोडं. पाणी दोन-तीन अंशांनी वर गेलं तर उगवण कोसळते, तेवढंच खाली राहिलं तर जिवाणू वाचतो. गोंधळ बहुतेकदा टाकीतच होतो. थंड टिपऱ्या ठासून भरल्या की पाण्याचं तापमान एकदम उतरतं. वेळ मोजायचा तो पाणी पुन्हा ५० अंशांवर आल्यापासून. पाणी पंपाने फिरतं ठेवावं आणि तापमापक एकाच कोपऱ्यात न ठेवता मधल्या टिपऱ्यांजवळही पाहावा. पाचट हाताने काढावं, डोळा दुखावता कामा नये. शेंड्याकडचे कोवळे डोळे ही उष्णता सोसत नाहीत, ते आधीच बाजूला काढावेत.

तापलेल्या टिपरीच्या कापातून साखर झिरपते आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं. म्हणून निवल्यावर १० लिटर पाण्यात १० ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक मिसळून टिपऱ्या १० मिनिटं बुडवतात. हातमोजे विसरू नयेत. एवढं करूनही प्रक्रिया शंभर टक्के निर्दोष नसते. हे बेणं आधी वेगळ्या बेणेमळ्यात वाढवावं, गवताळ फुटवे दिसले की मुळासकट उपटावेत, आणि तोडणीचा कोयता प्लॉट बदलताना निर्जंतुक करावा, कारण खोडवा खुजा करणारा जिवाणू कोयत्यावरूनही पुढच्या उसात जातो.