पानाच्या खालच्या बाजूला पोहोचणारा थेंब

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर पावसाची एखादी सर आली, की डाऊनी म्हणजेच केवडा रोगाची धास्ती सुरू होते. या रोगाची बुरशी मुख्यतः पानाच्या खालच्या बाजूच्या पर्णरंध्रांतून आत शिरते आणि नेहमीच्या फवारणीत नेमकी तीच बाजू कोरडी राहण्याची शक्यता असते. या अडचणीवर स्थिर विद्युतभार वापरणाऱ्या इलेक्ट्रोस्टॅटिक फवारणी यंत्राने काढलेला मार्ग मला विशेष मोलाचा वाटतो.

यंत्राच्या नोझलच्या तोंडाशी उच्च विद्युतदाबाचे कडे असते. हवेच्या झोताने द्रावण फुटून सूक्ष्म थेंब तयार होताना त्यांवर कड्याच्या विरुद्ध प्रकारचा भार प्रवर्तनाने येतो. सगळ्यांवरचा भार सजातीय असल्याने थेंब एकमेकांना दूर लोटत पसरतात. वेल मुळांमार्फत जमिनीशी जोडलेली असल्याने असे थेंब जवळ येताच पानांवर विरुद्ध भार जमतो, थेंब तिकडे ओढले जातात आणि त्यांतले काही वळसा घालून पानाच्या खालच्या बाजूवर जाऊन बसतात. थेंब बारीक असणे मात्र आवश्यक आहे. त्याचा व्यास निम्मा केला, तर वजन आठव्या हिश्शावर येते, पृष्ठभाग मात्र चौथ्या हिश्शावरच. भार पृष्ठभागावर राहत असल्याने थेंब जितका लहान, तितकी विद्युत ओढ वजनावर मात करते. दाट बागेत बाहेरचीच पाने हे थेंब खेचून घेतात, म्हणून आतल्या घडांपर्यंत औषध पोहोचवायला हवेचा जोरदार झोत लागतोच. विरळणीला हे यंत्र पर्याय नाही.

सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक वसाहतींत होणारे पावडर कोटिंग याच ओढीवर चालते: भारित रंगाची भुकटी जमिनीशी जोडलेल्या सुट्या भागावर चिकटते आणि भट्टीत वितळून एकसंध थर बनते.

कोळशावर चालणाऱ्या एकलहऱ्यासारख्या वीजकेंद्रांत हेच गणित राखेला लागू पडते. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक कॉट्रेल यांना १९०८ मध्ये ज्या पद्धतीचे पेटंट मिळाले, तिच्यात धुरातले कण हजारो व्होल्टच्या तारांजवळून जाताना भारित होतात, धातूच्या पत्र्यांवर साचतात आणि पत्र्यांवर ठरावीक वेळाने हातोडे आपटून ती राख खाली पाडली जाते. चांगल्या स्थितीतील यंत्रणा ९९ टक्क्यांहून अधिक राख अडवू शकते. भारतीय कोळशात राख पुष्कळ आणि गंधक कमी असतो. त्यामुळे राखेचा विद्युतरोध वाढतो, पत्र्यांवर बसलेल्या थरातून भार लवकर निचरत नाही, आणि तेवढेच काम करायला येथे पत्र्यांचे क्षेत्रफळ अधिक ठेवावे लागते.