ग्रीन कार्डची लाइन इतकी लांब झाली कशी?

अमेरिकेत ग्रीन कार्डसाठी, म्हणजे कायमचं राहण्याच्या परवान्यासाठी, थांबलेल्या आपल्या लोकांच्या घरात दर महिन्याला व्हिसा बुलेटिन (कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते सांगणारं सरकारी पत्रक) आलं की पहिली नजर जाते ती ईबी-टू आणि ईबी-थ्री इंडियाच्या, म्हणजे नोकरीवरून ग्रीन कार्ड मागणाऱ्या भारतीयांच्या दोन मुख्य गटांच्या, तारखेवर, आणि ती तारीख दहा वर्षांहून जुनी असते, म्हणजे ज्यांनी तेव्हा फाइल केलं त्यांचा नंबर आत्ता लागतोय. हे असं का झालं हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

1790 च्या कायद्यात नागरिकत्व फक्त 'गोऱ्या स्वतंत्र व्यक्तीं'साठी होतं. मग गोरा कोण, हे कोर्ट ठरवणार. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना 1909 मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने नागरिकत्व दिलं आणि 1910 ला वरच्या कोर्टाने ते कायम केलं. पण 1923 मध्ये पंजाबी शीख भगतसिंग थिंड यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने उलटा निकाल दिला. हा माणूस पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता, तरी कोर्ट म्हणालं की सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हा गोरा नाही. त्यानंतर ज्यांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं त्यांचंही काढून घेणं सुरू झालं. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित स्वतः 1914 पासून नागरिक होते, त्यांच्यावरही खटला भरला, पण ते लढले आणि जिंकले, आणि 1927 मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारचं अपील ऐकायलाच नकार दिला. मला या सगळ्या इतिहासात पंडित यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो, आणि आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणाला माहीत नाही याचं वाईट वाटतं.

दार थोडं उघडलं 1946 ला. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सही केलेल्या ल्यूस-सेलर कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला आणि वर्षाला कोटा किती, तर 100 लोक!

खरा बदल 1965 च्या कायद्याचा. देशानुसार कमी-जास्त कोटे होते, युरोपला भरपूर आणि आशियाला नावापुरते, ते काढून टाकले आणि त्या जागी पूर्व गोलार्धातल्या प्रत्येक देशाला वर्षाला जास्तीत जास्त 20,000 अशी सारखी मर्यादा आणली. त्या काळात हा मोठा न्याय होता, आपले डॉक्टर-इंजिनिअर तिकडे गेले ते याच कायद्यामुळे. पण आजच्या लाइनचं मूळही तिथेच आहे. 1990 च्या कायद्यात नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला 1,40,000 ठरली, त्यात बायको-नवरा-मुलंही मोजली जातात, आणि कुठल्याही एका देशाला साधारण 7 टक्केच. आइसलँड असो की भारत, टक्का तोच. ईबी-टूमध्ये भारताच्या वाट्याला त्या हिशोबाने जेमतेम 2,800 येतात, वर दुसऱ्या देशांची उरलेली मिळाली तर मिळाली. आणि देश ठरतो जन्मावरून, पासपोर्टवरून नाही. म्हणजे एकाच ऑफिसात शेजारी बसणारे दोघं मराठी, त्यातला एक मस्कतला जन्मलेला असेल तर त्याचं काम कितीतरी लवकर होतं, किंवा बायको तिकडे जन्मलेली असली तरी चालतं.

त्याच 1990 च्या कायद्याने एच-वन-बी हा तात्पुरत्या नोकरीचा व्हिसा आणला, वर्षाला 65,000 ची मर्यादा आणि जास्तीत जास्त सहा वर्षं. पुढे आयटीची लाट आली, आणि 2000 मध्ये नवा कायदा झाला की आय-140 (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असेल आणि नुसता नंबर लागायचा बाकी असेल तर सहा वर्षांनंतरही तीन-तीन वर्षांनी व्हिसा वाढवता येईल. लोकांची मोठी सोय झाली, पण ग्रीन कार्डांचा आकडा होता तिथेच राहिला आणि वाट बघणाऱ्यांची गर्दी वाढतच गेली.

2007 च्या जुलैच्या बुलेटिनमध्ये बहुतेक सगळ्या नोकरीच्या कॅटेगरी अचानक 'करंट' झाल्या, म्हणजे नंबरची वाट न बघता शेवटचा अर्ज करता येणार होता, लोकांनी घाईघाईने मेडिकल केले, कागद जमवले, आणि 2 जुलैला सरकारने ते मागे घेतलं. मग आपल्या लोकांनी गांधीगिरी केली, इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखांना फुलांचे गुच्छ पाठवले, शेकड्यांनी. 17 जुलैला सरकार नमलं आणि 17 ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले. एकजूट केली की काय होतं ते तेव्हा दिसलं.

देशाची मर्यादा काढायचं बिल 2019 मध्ये हाउसमध्ये (अमेरिकन संसदेचं खालचं सभागृह) 365 विरुद्ध 65 असं पास झालं, 2020 च्या डिसेंबरमध्ये सिनेटनेही (वरचं सभागृह) आपलं वेगळं व्हर्जन पास केलं, पण दोन्ही जुळवायच्या आत मुदत संपली आणि बिल गेलं. तोपर्यंत मुलं मोठी होत राहिली. एकवीस पूर्ण झाले की मूल आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतं. 2002 च्या कायद्याने थोडा आधार दिला, पण त्यात वयातून वजा होतात ते फक्त आय-140 पेंडिंग असलेले दिवस, नंबरची वाट बघण्यात गेलेली वर्षं नाहीत. म्हणून दोन-तीन वर्षांची असताना आलेली, शाळा तिथेच झालेली मुलं कॉलेजात परदेशी विद्यार्थी म्हणून एफ-वन व्हिसा घेतात आणि पुढे नोकरी मिळाली तर त्याच लाइनीत शेवटी, स्वतःची नवीन तारीख घेऊन उभी राहतात.