ठाणे खाडीची शालेय सहल : तारीख पक्की करण्याआधी वाचा

मुख्याध्यापक आणि सहलप्रमुख शिक्षकांसाठी

चौकशीच्या फोनवर शाळांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "येत्या शनिवारी जमेल का?" त्यावर आम्ही लगेच हो म्हणत नाही, आधी भरतीची वेळ बघतो. ऐरोलीहून सुटणाऱ्या बोटीला खाली पुरेसं पाणी लागतं, आणि फ्लेमिंगोंना चरायला उघडा चिखल. भरती नुकतीच ओसरू लागलेली असते तेव्हा थोडा वेळ दोन्ही गोष्टी जुळतात. आमची सगळी सहल या वेळेभोवती आखलेली असते.

अंदाज तुम्हालाही घरच्या कॅलेंडरवरून काढता येईल. किनाऱ्यावरच्या लोकांचं जुनं गणित आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावर नऊच्या सुमारास भरती. खाडीत आतपर्यंत पाणी चढायला आणखी थोडा वेळ जातो. त्यामुळे द्वादशीपासून पौर्णिमा-अमावस्येपर्यंतचे दिवस सकाळच्या शाळांना सोयीचे. अष्टमीला भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, शिवाय भांगाची, म्हणजे पाणीही कमी चढतं. अष्टमी-नवमीची तारीख आम्ही कितीही आग्रह झाला तरी देत नाही. नक्की वेळ अर्थातच छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून घेतो. सातवीला भूगोलात भरती-ओहोटी शिकवून झाली असेल, तर हे गणित सहलीआधी मुलांकडूनच करून घ्या.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १६९० हेक्टर. निम्म्याहून थोडं जास्त कांदळवन, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारी झाडी, बाकी पाणी आणि चिखल, आणि हे सगळं मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या मधोमध. २०२२ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं. महाराष्ट्रातून त्याआधी नांदूर मधमेश्वर आणि लोणार ही दोनच नावं त्या यादीत होती. ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र वन विभागाच्या अखत्यारीत आहे. बोटीची तिकिटं, केंद्राची सुट्टी, नियम हे सगळं त्यांचं. आम्ही आरक्षण, बस, माहितगार सोबती आणि सहलीआधीचा वर्गातला एक तास एवढं बघतो.

मुलांना दिसतं काय?

फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी, साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत असतात. जानेवारी ते मार्च उत्तम. लहान रोहित पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ खातो, मोठा रोहित कोळंबीसारखे बारीक जीव. दोघंही मान खाली घालून चोच उलटी धरतात आणि चहाच्या गाळणीसारखं पाणी गाळून काढतात. पिसांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो. म्हणून थव्यात राखाडी पक्षी दिसला तर तो आजारी नाही, लहान वयाचा आहे. हा खुलासा बोटीत दर वेळी करावा लागतो!

पक्षी अमुक इतके दिसतील किंवा बोटीजवळ येतील, असं वचन आम्ही देत नाही. जे देतात त्यांच्यापासून जरा जपून. पक्षी उडवून फोटो काढणं आमच्या सहलीत चालत नाही, मग मागणी पालकांची असली तरी.

खरं सांगायचं तर लहान वर्गांना पक्ष्यांपेक्षा चिखल जास्त आवडतो. चिखलावर उड्या मारणारे निवटी मासे, एकच नांगी भलीमोठी असलेले नर खेकडे, तिवर या कांदळवनातल्या झाडाची जमिनीतून वर आलेली श्वसनमुळं. उन्हात तिवराचं पान नीट पाहिलं तर मिठाचे कण दिसतात. खारं पाणी पिऊन जगणारं झाड जास्तीचं मीठ पानांतून बाहेर टाकतं. तिसरी-चौथीच्या मुलांना म्हणून आम्ही बोटीऐवजी कांदळवनाच्या कडेने पायी फिरवणं सुचवतो. बोट पाचवीपासून पुढे.

वासाबद्दल आधीच सांगून ठेवा. चिखलात हवा पोहोचत नाही, तिथे पानं कुजताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो निरोगी कांदळवनातही असतोच. शहराचं सांडपाणी आणि काठाला अडकलेलं प्लास्टिकही दिसेल. ते आम्ही लपवत नाही. मुलं त्यावर प्रश्न विचारतात आणि ते चांगलेच असतात.

शाळेकडून अपेक्षा

दर पंधरा मुलांमागे एक शिक्षक हवा. पालकांची लेखी संमती सहलीआधी आमच्याकडे पोहोचलेली असावी. बोटीत लाइफ जॅकेट सर्वांना, शिक्षकांनाही. एका फेरीत थोडीच मुलं जातात, म्हणून मोठ्या वर्गाचे गट पाडतो आणि उरलेले तेवढ्या वेळात केंद्र पाहतात. जुने बूट, टोपी, पाण्याची बाटली पुरे. डबा घरचा, वेफर्सची पाकिटं नकोत. दमा किंवा बोट लागण्याचा त्रास असलेल्या मुलांची नावं आधी कळवा. पावसाळ्यात आम्ही बोटीची सहल घेत नाही. ऐन वेळी हवामानामुळे बोट रद्द झाली तर त्याच दिवशी पायी फेरी करतो आणि बोटीचे पैसे परत देतो.

चौकशी करताना इयत्ता, मुलांची संख्या आणि सोयीचे दोन आठवडे कळवा, नेमकी तारीख नको. त्या आठवड्यांतल्या भरतीच्या वेळा लावून दोन-तीन पर्याय खर्चासह आम्ही पाठवू. जानेवारी-फेब्रुवारीच्या चांगल्या तिथी दिवाळीच्या सुट्टीआधीच भरतात.