चादर चांगली आहे हे गिऱ्हाईकाला कळणार कसं?

सोलापुरात चादर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक नेमकं काय करतं ते एकदा नीट बघा. दुकानदार घडी मोडून चादर गादीवर टाकतो, गिऱ्हाईक अंगठा आणि बोटाच्या चिमटीत कापड धरून चोळतं, हातावर घेऊन वजनाचा अंदाज घेतं, उलटी करून मागची बाजू बघतं आणि विचारतं, "रंग जाणार नाही ना ओ?" दुकानदार म्हणतो, "पक्का रंग, गॅरंटी आहे," आणि तिथं तपासणी संपते. पण चादरीत खरा पैसा ज्या गोष्टींना लागतो, म्हणजे सूत पूर्ण कॉटनचं आहे की पॉलिस्टर मिसळलंय, इंचाला बाण्याचे (आडवे) धागे किती बसवलेत, रंग कुठल्या प्रतीचा आहे, यातलं फारच थोडं चिमटीत कळतं. बाकीचं कळतं पाचव्या-सहाव्या धुण्याला, आणि तोवर गिऱ्हाईक आपल्या गावी पोचून महिने झालेले असतात.

अर्थशास्त्रात यावर बरंच काम झालंय आणि मला वाटतं सोलापुरातल्या प्रत्येक कारखानदारानं ते माहीत करून घ्यायला पाहिजे, कारण हा विषय त्यांच्याच पोटापाण्याचा आहे. फिलिप नेल्सन या अर्थशास्त्रज्ञानं 1970 मध्ये वस्तूंची एक साधी विभागणी मांडली. काही वस्तूंचा दर्जा घेण्याआधीच बघून कळतो, काहींचा वापरल्यावरच कळतो. 1973 मध्ये डार्बी आणि कार्नी या दोघांनी तिसरा प्रकार जोडला, ज्यांचा दर्जा वापरूनसुद्धा सामान्य माणसाला सांगता येत नाही, उदाहरणार्थ गाडीची केलेली दुरुस्ती गरजेची होती का नव्हती. चादर या तिन्हींत थोडी थोडी बसते. डिझाइन आणि साइज बघून कळते, रंग आणि टिकाऊपणा वापरून कळतो, आणि ती खरंच सोलापूरच्या मागावर विणलीय का दुसरीकडून आणून सोलापुरी म्हणून विकलीय हे बहुतेकांना कधीच कळत नाही.

आता याचा भावावर काय परिणाम होतो ते आकडे धरून बघू. आकडे माझे, फक्त समजण्यासाठी. समजा चांगली चादर गिऱ्हाईकाला 600 रुपयांच्या लायकीची वाटते आणि ती विणायला 500 खर्च येतो. हलकी चादर 300 च्या लायकीची आणि तिला खर्च 200. बाजारात दोन्ही अर्ध्या-अर्ध्या आहेत पण वरून सारख्याच दिसतात. मग शहाणं गिऱ्हाईक किती देईल? दोन्हीच्या मधला भाव, म्हणजे 450. हलकी चादर विकणाऱ्याला यात 250 सुटतात, तो खूश. चांगली विणणाऱ्याला मात्र प्रत्येक चादरीमागं 50 रुपये खिशातून घालावे लागतात, तो एक तर माग बंद करतो नाहीतर सूत हलकं वापरायला लागतो. मग बाजारात हलका मालच उरतो, लोकांनाही हळूहळू ते कळतं, आणि भाव 450 वरून 300 वर येतो. इथं गिऱ्हाईक कंजूष नाही आणि चांगला कारखानदार आळशी नाही, दोघांनाही 600 ची चादर 550 ला घ्यायला-विकायला आवडली असती, तरी तो सौदा होतच नाही कारण दर्जा दाखवायची सोय नाही.

हे गणित मांडलं जॉर्ज अकरलॉफ यांनी, सेकंडहँड गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात नुकतीच नोकरी लागली होती तेव्हा लिहिलेला हा पेपर तीन नामांकित जर्नल्सनी परत पाठवला, कुणी म्हणालं यात विशेष काय, कुणी म्हणालं हे खरं असतं तर बाजारात व्यवहारच झाले नसते. शेवटी 1970 मध्ये तो छापून आला आणि 2001 मध्ये त्याच कामासाठी स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर अकरलॉफना नोबेल मिळालं. आपल्याकडं फारसं कुणी सांगत नाही पण 1967-68 चं वर्ष त्यांनी भारतात, दिल्लीच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये घालवलं होतं, आणि त्या पेपरात भारतातल्या बायका बाजारातून आणलेला तांदूळ निवडत बसतात याचा उल्लेख आहे, तांदळाच्याच रंगाचे आणि आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात म्हणून. त्यांचा मुद्दा असा की फसवणुकीचं नुकसान फक्त फसलेल्या गिऱ्हाईकापुरतं नसतं, जो प्रामाणिक दुकानदार या बाजारातून उठून जातो त्याचंही नुकसान त्यातच धरलं पाहिजे. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, ज्यांच्या घरी माग होते आणि आता नाहीत त्यांना हे वाक्य वेगळं समजावून सांगायला नको. माग बंद पडायला सुताचे भाव, वीज, कामगार अशी इतरही कारणं आहेत, सगळा दोष याच एका गोष्टीला देणं बरोबर नाही, पण हे कारण सगळ्यात कमी बोललं जातं.

मग उपाय काय? बहुतेक लोक म्हणतील ब्रँड करा, लेबल लावा. इथं चीनमधला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. जिए बाय या संशोधिकेनं शिजियाझुआंग शहरातल्या कलिंगडवाल्यांबरोबर तो केला. कलिंगड न कापता गोड आहे का सांगता येत नाही, त्यामुळं विक्रेते सगळा माल एकाच ढिगात एकाच भावानं विकायचे. बाय यांनी लॉटरी पद्धतीनं काही विक्रेत्यांना चांगल्या कलिंगडावर लावायला स्टिकर दिले आणि काहींना लेझरनं सालीवर खूण कोरून दिली. स्टिकर तिथं आधीपासूनच होते आणि खोटे स्टिकर लावणंही सर्रास चालायचं, त्यामुळं गिऱ्हाईकांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. लेझरची खूण नवीन होती, नक्कल करायला महाग होती. निकाल असा आला की स्टिकरवाल्यांनी थोडे दिवस चांगला माल दिला आणि नंतर सोडून दिलं, लेझरवाल्यांनी मात्र दर्जा टिकवला आणि त्यांचा विक्रीतला नफा 30 ते 40 टक्क्यांनी वाढला. माणसं त्याच शहरातली, धंदा तोच. गिऱ्हाईकानं खुणेवर विश्वास ठेवला तर चांगला माल ठेवणं परवडतं, नाही ठेवला तर परवडत नाही, एवढाच फरक.

आणि प्रयोग संपून लेझरची सोय काढून घेतल्यावर सगळे विक्रेते पुन्हा एका ढिगावर आले. एवढा फायदा होता तर स्वतः मशीन का नाही घेतलं? कारण एकट्या छोट्या विक्रेत्याला मशीनचा खर्च झेपत नाही, गिऱ्हाईकाचा विश्वास बसायला वेळ लागतो आणि तोपर्यंतचा तोटा कोण सोसणार.

आता आपल्या जीआय टॅगकडं या नजरेनं बघा. भौगोलिक निर्देशनाचा कायदा 1999 चा, अंमलात आला 2003 मध्ये, आणि सोलापुरी चादर आणि सोलापूरचा टेरी टॉवेल ही महाराष्ट्रातली अगदी सुरुवातीला नोंद झालेली नावं आहेत. याचा अभिमान आहेच आणि असायला पाहिजे. पण जीआय सांगतो माल कुठला आहे, त्यात सूत किती आहे हे पिशवीवरच्या चित्रातून कळत नाही. आणि "सोलापुरी चादर" असा कागद छापायला काही रुपये लागतात, तो कुणीही कुठंही छापून घेतो. म्हणजे सध्या आपल्याकडं बहुतेक ठिकाणी स्टिकर आहे, लेझर नाही. कोपऱ्यात नाव विणलेलं असतं ती खूण कागदापेक्षा नक्कीच बरी, पण जकार्ड (मागावर नक्षी विणायची यंत्रणा) ज्याच्याकडं आहे तो नावही विणू शकतो.

शिवाय सोलापुरी हे नाव सगळ्यांचं मिळून एकच आहे. ज्यां तिरोल या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञानं (2014 चं नोबेल त्यांना मिळालं) 1996 मध्ये अशा सामायिक नावलौकिकाचं गणित मांडलं. त्यात दिसतं की एखाद्या गटाचं नाव एकदा खराब झालं की नंतर आलेल्या चांगल्या माणसालाही त्याची किंमत मोजावी लागते, कारण गिऱ्हाईक त्याच्याकडं आधीच्या लोकांच्या करणीवरून बघतं, आणि मग त्यालाही वाटायला लागतं की चांगलं वागून मला तरी काय मिळतंय. दुसरीकडं सगळ्यांनी कमावलेल्या नावावर एकानं हलका माल खपवला तर फायदा त्याचा एकट्याचा होतो आणि तोटा वाटला जातो. म्हणूनच हे काम एकेका दुकानदाराच्या भलेपणावर सोडून चालत नाही, कारखानदारांच्या संघटनेनं खूण, तपासणी आणि दंड तिन्ही हातात घ्यावं लागतं.

यात गिऱ्हाईकाच्या डोक्यातली एक सवय अजून घोळ घालते. दर्जा दिसत नसला की माणूस भावावरून दर्जा ठरवतो. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात 82 लोकांना विजेचे हलके झटके देऊन एकच वेदनाशामक गोळी दिली, जिच्यात मुळात औषधच नव्हतं. अर्ध्यांना सांगितलं गोळी अडीच डॉलरची आहे, अर्ध्यांना सांगितलं आता 10 सेंटला मिळते. महाग समजून घेतलेल्या 85 टक्के लोकांना दुखणं कमी वाटलं, स्वस्तवाल्यांत 61 टक्क्यांना. म्हणजे भाव खाली गेला की समोरच्याचा अनुभवही खाली जातो. सणासुदीला किंवा सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत "दोन घ्या, एक फ्री" असा बोर्ड लावताना हे ध्यानात ठेवलेलं बरं, चांगल्या चादरीवर तो बोर्ड लागला की गिऱ्हाईक ती चांगली नसणार असंच धरून चालतं.

पण खूण कितीही पक्की केली तरी मागावरून येणारा माल एकसारखा नसेल तर तिचा उपयोग नाही, आणि इथं मॅनेजमेंटचा विषय येतो. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईजवळ तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांत 2008 पासून एक प्रयोग केला. आपल्याच धंद्यातले कारखाने, घरच्यांनी चालवलेले. आत काय दिसलं तर सुताचं गोदाम सरमिसळ, हत्यारं कुठंही पडलेली, फॉल्टची नोंद होते पण ती गिऱ्हाईकाची तक्रार आली तर उत्तर द्यायला, कुठल्या मागावर कुठला फॉल्ट वारंवार येतो हे त्या वहीतून कुणी काढतच नाही. लॉटरीनं 14 कारखान्यांना फुकट सल्लागार मिळाले पाच महिने, तुलनेसाठी 6 कारखान्यांना फक्त एक महिन्याची पाहणी. सल्ला म्हणजे काही रॉकेट सायन्स नव्हतं. रोज सकाळी कालचे फॉल्ट मागावार लिहा आणि त्यावर बसून बोला, मशीनला तेलपाणी ठरलेल्या दिवशी, सुताला लेबल लावून रॅकवर ठेवा, कामगाराला चांगल्या कामाचा बोनस, अशा एकूण 38 गोष्टी. पहिल्याच वर्षात उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली आणि तीन वर्षांत या मालकांनी नवीन कारखाने उघडले.

एवढं साधं होतं तर आधी का केलं नाही? मालकांना वाटत होतं आपला दर्जा शेजाऱ्याइतका आहे म्हणजे ठीकच आहे. शेजाऱ्याकडंही तीच अवस्था होती. आणि कारखाना किती मोठा होणार हे बऱ्याच अंशी घरात किती भाऊ-मुलगे लक्ष घालायला आहेत यावर ठरत होतं, कारण बाहेरच्या मॅनेजरवर भरवसा नव्हता. पुढं 2020 मध्ये आलेल्या त्याच टीमच्या पेपरात दिसलं की काही वर्षांनी निम्म्याच्या आसपास सवयी सुटल्या होत्या, मॅनेजर बदलले आणि मालकाला वेळ उरला नाही ही मुख्य कारणं, तरी ज्यांना सल्ला मिळाला होता ते बाकीच्यांच्या बरेच पुढं होते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुणी उद्या सकाळपासून फक्त मागावार फॉल्टची वही सुरू केली आणि ती रोज उघडून बघितली तरी मला वाटतं महिन्याभरात फरक दिसेल.

आपल्याकडं दरवर्षी एमबीए, बीबीएची मुलं "ग्राहकांचा दृष्टिकोन" या विषयावर प्रोजेक्ट करतात, शंभर फॉर्म ओळखीच्यांकडून भरून घेतात, 'समाधानी', 'अत्यंत समाधानी' असे रकाने मोजतात आणि पाय चार्ट काढतात. मेहनत असते त्यात, पण माणूस फॉर्मवर जे लिहितो आणि काउंटरवर जे करतो यात अंतर असतं हे तीस-चाळीस वर्षांच्या संशोधनातून वारंवार दिसलंय. त्यापेक्षा खरा प्रयोग सोलापुरातच करता येण्यासारखा आहे. नवी पेठ, चाटी गल्ली, स्टेशन परिसरातली तयार असतील तेवढी दुकानं घ्यायची आणि चिठ्ठ्या टाकून तीन गट करायचे. एका गटात आहे तसंच चालू, दुसऱ्यात चांगल्या चादरीला छापील कार्ड, तिसऱ्यात संघटनेनं तपासलेल्या चादरीला नंबर असलेला क्यूआर कोड, ज्यात वजन, कॉटनचं प्रमाण आणि लॅबमध्ये रंग टिकण्याला मिळालेला 1 ते 5 मधला ग्रेड दिसेल. विक्री आणि भाव तर मोजायचाच, पण त्याबरोबर दर महिन्याला प्रत्येक दुकानातून गुपचूप एक चादर विकत आणून धुऊन, तोलून, धागा जाळून बघायची (कॉटन कागदासारखं जळून मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते), म्हणजे खुणेमुळं माल खरंच सुधारला का नुसताच भाव वाढला ते कळेल. आणि कोड द्यायचे बंद करून सहा महिन्यांनी परत एकदा सगळ्या दुकानांत जायचं, कारण खर्च कुणी उचलायचा हा प्रश्न शिजियाझुआंगलाही प्रयोग संपल्यावरच पुढं आला.