धरण न उकळता आटतं

मे महिना लागला की आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत जायकवाडीचा आकडा रोज छापून येतो. किती टक्के उरलं, किती सोडलं, आणि शेवटी एक ओळ: बाष्पीभवनाने इतकं गेलं. परवा पैठण रस्त्यावरच्या टपरीवर चहा घेताना शेजारच्या काकांनी ती ओळ मोठ्याने वाचली आणि मला विचारलं, "सर, पाणी शंभर डिग्रीला उकळतं ना? मग धरणातलं पाणी काय उकळायलंय का? पाणी चोरायलेत दुसरेच अन् नाव उन्हाचं सांगायलेत."

पाणी कोण चोरतं याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, पण पहिला प्रश्न मला फार आवडला. शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात बर्फ, पाणी, वाफ अशी तीन चित्रं असतात आणि बाणांवर 0 आणि 100 हे आकडे. तो तक्ता मनात इतका घट्ट बसतो की शंभराच्या खाली पाण्याची वाफ होतच नाही असं वाटायला लागतं. ऐन थंडीत दोरीवरचं धोतर वाळतं, ते मात्र कुणाला खटकत नाही. शिवाय तो 100 चा आकडासुद्धा समुद्रकाठचा आहे. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे 570 मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब थोडा कमी, म्हणून पातेल्यातलं पाणी साधारण 98 अंशांनाच उकळतं.

उकळताना पाण्याच्या पोटात वाफेचे बुडबुडे तयार होतात. त्यासाठी आतल्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका व्हावा लागतो. बाष्पीभवनाला अशी अट नाही. ते फक्त पृष्ठभागावर होतं, कुठल्याही तापमानाला होतं, आणि अहोरात्र चालू असतं.

ते कसं होतं हे सांगताना मला दरवेळी पहिल्यांदा शिकल्यासारखा आनंद होतो. पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात, एक रेणू शेजारच्या चौघांपर्यंत हात देतो. ही पकड किती जबर आहे ते मिथेनशी तुलना केली की कळतं. मिथेनचा रेणू वजनाने जवळपास पाण्याएवढाच, पण तो उणे 161 अंशांनाच उकळून वायू होतो. पाणी आपल्या नदीत द्रव राहतं ते या हातांमुळे. आता 30 अंशांच्या पाण्यात सगळे रेणू एकाच वेगाने हलत नाहीत. बाजारातल्या गर्दीसारखं असतं: बहुतेक मध्यम चालीचे, काही रेंगाळणारे, थोडे पळणारे. पृष्ठभागावरून सुटायला लागणारी ऊर्जा ही त्या तापमानाच्या औष्णिक ऊर्जेच्या (भौतिकीवाले तिला केटी म्हणतात) सुमारे 17 पट असते. इतकी ऊर्जा असलेले रेणू कोटीत एखाद-दुसरेच निघतात. पण 18 ग्रॅम पाण्यात 6 वर 23 शून्यं इतके रेणू आहेत, आणि धक्काबुक्कीत क्षणोक्षणी नवे रेणू त्या मोजक्यांत जाऊन बसतात. तापमान 30 वरून 40 झालं की असे सुटू शकणारे रेणू जवळपास पावणेदोन पट होतात. दहा अंशांत एवढा फरक! उन्हाळ्याचा सगळा कारभार या एका गुणाकारात आहे.

जे सुटतात ते सगळ्यांत ऊर्जावान असतात. ते गेले की मागे उरलेल्यांची सरासरी खाली येते, म्हणजेच पाणी गार होतं. ही उष्णता कुठे हरवत नाही, वाफेबरोबर जाते. ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांनी 1760 च्या दशकात हे मोजून दाखवलं. आपण तिला सुप्त उष्णता म्हणतो. 30 अंशांना एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2,430 किलोजूल लागतात. विजेच्या भाषेत सांगायचं तर 2,000 वॅटचा गीझर वीस मिनिटं चालवण्याइतकी ऊर्जा.

आमची आजी रांजणाला ओलं पोतं गुंडाळून त्याला वाळूवर लिंबाच्या सावलीत ठेवायची, आणि संध्याकाळी माळवदावर पाणी शिंपडून मगच अंथरुणं टाकायची. सुप्त उष्णता हा शब्द तिने कधी ऐकला नसेल. 'मातीच थंड असते' म्हणून माठ गार करतो, हा समज चुकीचा आहे. पाणी पाझरून बाहेर येतं, तिथे त्याची वाफ होते, म्हणून तो गार करतो. दहा लिटर पाणी 40 वरून 25 अंशांवर आणायला हिशोबाने पाव लिटर पाणी उडावं लागतं. बाहेरची उष्णता आत शिरतच असते, म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्त. माठाला बाहेरून ऑइलपेंट लावला की छिद्रं बुजतात आणि तो नुसतं शोभेचं भांडं होतो. जुना माठ गार करत नाही तो याच कारणाने. आमच्या बोअरचं पाणी जड, पाणी उडतं आणि क्षार छिद्रांत मागे राहतात. माठाच्या अंगावरचा पांढरा थर आणि कूलरच्या गवतावरची पुटं, दोन्ही तेच.

हवेत आधीच वाफ असेल तर सुटलेले रेणू मोठ्या संख्येने परत पाण्यात येऊन पडतात. मेमध्ये 42 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असताना ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर 22 पर्यंत उतरतो. श्रावणात 30 अंश आणि 80 टक्क्यांना तोच 27 वर अडतो. कूलर पावसाळ्यात नुसता चिकचिकाट करतो, तो यामुळे.

आता काकांचं धरण. वेधशाळेच्या आवारात सुमारे 122 सेंटिमीटर व्यासाचं उथळ पात्र असतं. त्यातलं पाणी रोज किती मिलिमीटर उतरलं ते मोजतात. पाखरांनी पिऊन हिशोब बिघडवू नये म्हणून वर जाळी. पात्र बाजूंनीही तापतं, म्हणून तो आकडा धरणाला लावताना साधारण 0.7 ने गुणतात. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, पूर्ण भरला की सुमारे 350 चौरस किलोमीटर पसरतो, पण खोली सरासरी आठ-साडेआठ मीटरच. परातीसारखं धरण. उन्हाळ्यात पसारा निम्मा उरला आणि दिवसाला 8 मिलिमीटर पाणी उडालं असं धरू. ते होतं 14 लाख घनमीटर, म्हणजे 140 कोटी लिटर. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं, त्यातली 50 वाघिणींची मोठी गाडी 25 लाख लिटरची होती. अशा 560 गाड्या, एका दिवसात. एवढी उष्णता येते कुठून? 8 मिलिमीटरसाठी दर चौरस मीटरला साधारण साडेपाच युनिट लागतात, आणि मेचं ऊन दिवसभरात सहा-सात युनिट ओततं. हिशोब जुळतो.

पर्जन्ययज्ञ करणाऱ्यांनी हाच हिशोब उलटा करून पाहावा. एका चौरस किलोमीटरवर 10 मिलिमीटर पाऊस म्हणजे एक कोटी लिटर पाणी. तेवढी वाफ थंड होताना 65 लाखांहून जास्त युनिट इतकी उष्णता आभाळात सुटते. कुंडातल्या समिधा आणि तूप तिथे काय करणार? 2015 आणि 2019 मध्ये आमच्याच शहरातून कृत्रिम पावसाची विमानं उडाली, तेव्हाही लोकांच्या अपेक्षा अशाच फुगल्या होत्या. मीठ किंवा सिल्व्हर आयोडाइड फवारून आहे त्या ढगाला फार तर हातभार लागतो. नसलेली वाफ त्याने निर्माण होत नाही.

पाण्यावर सेटिल अल्कोहोलसारख्या पदार्थाचा एका रेणूच्या जाडीचा पापुद्रा पसरून वाफ अडवता येते, पण वारा आला की तो फाटतो. मला जास्त काळजी शेततळ्यांची वाटते. पावसाचं वाहून जाणारं पाणी त्यात साठवावं, हे ठीक. पण बोअरमधून उपसून, काळ्या प्लास्टिकवर, मेच्या उन्हात? जमिनीखाली सुरक्षित असलेलं पाणी आपण विजेचे पैसे मोजून उन्हाला देतो.

टपरीवर काकांना मी वालूरच्या बारवेची आठवण करून दिली, परभणी जिल्ह्यातली, गोल पायऱ्यांनी खाली उतरत जाणारी. उघडा पृष्ठभाग लहान, वारा पोचत नाही, आणि ऊन तळाशी पोचतं ते फक्त माध्यान्हीच्या सुमारास थोडा वेळ. पाण्यावर दमट हवेचा थर हलत नाही, म्हणून सुटलेले रेणू फिरून त्याच पाण्यात पडतात. काका म्हणाले, "म्हणूनच तिथं उतरलं की अंगावर काटा यायचा." तो गारवाही बाष्पीभवनाचाच असतो का, असं त्यांनी विचारलं. थोडा बाष्पीभवनाचा, बराचसा दगडाचा, असं सांगेपर्यंत त्यांची पैठणची बस आली.