जतचा रुग्ण, मिरजेची खाट

हृदयविकार आणि पक्षाघाताचे दाखल रुग्ण केवळ रुग्णालयाच्या पत्त्यावरून मोजले, तर सांगली जिल्ह्यातील बहुतेक आजार मिरज तालुक्यातच एकवटला आहे, असे वाटेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभारले, १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि सीमेपलीकडच्या, कर्नाटकातील अथणी-चिकोडीकडूनही रुग्ण तेथे येऊ लागले. उलट जत तालुक्यातील उमदीकडच्या माणसाला मिरजेपेक्षा विजयपूर जवळ पडते, आणि त्याची नोंद कर्नाटकात होते. म्हणून तालुक्या-तालुक्यांतील आजाराची तुलना रुग्णाच्या राहत्या गावावरूनच करायला हवी.

गाव कळले तरी वयाचा प्रश्न उरतो. विटा-खानापूर भागातील गलाई व्यावसायिक (सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे) देशभर पसरले आहेत आणि अनेक घरांत मागे वडीलधारी मंडळीच उरली आहेत. अशा गावात दरहजारी झटके जास्त दिसले, तर तेथील पाण्याला किंवा आहाराला दोष देण्याआधी वयोगटानुसार दर काढून पाहिले पाहिजेत.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती कमी आकड्याची. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणून घरीच मालिश करत राहिलेला, किंवा छातीतली कळ पित्ताची समजून अंगावर काढणारा माणूस दाखल रुग्णांच्या यादीत येतच नाही. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पक्षाघातात साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि मेंदूत रक्तस्राव झालेला नाही याची खात्री त्याआधी सीटी स्कॅनने करावी लागते. शिवाय हे तास रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात; रात्री दहाला नीट झोपलेला माणूस सकाळी सहाला तोंड वाकडे घेऊन उठला, तर हिशेबाने आठ तास केव्हाच गेलेले असतात. हृदयविकाराच्या झटक्यात अँजिओप्लास्टीची सोय दूर असेल, तर जवळच ईसीजी काढून असेच इंजेक्शन लवकर देता येते, मात्र त्यासाठी बारा तासांची मर्यादा आहे आणि प्रत्येक तासागणिक त्याचा उपयोग घटत जातो.

त्यामुळे एखाद्या तालुक्यातून दाखल होणारे रुग्ण कमी आणि त्याच आजारांनी घरी होणारे मृत्यू जास्त असतील, तर तेथे आजार कमी नसून उपचार उशिरा पोहोचत असण्याचीच शक्यता अधिक आहे. ही तुलना करण्यासाठी मृत्यूच्या दाखल्यावर नुसते ‘वार्धक्य’ न लिहिता नेमके कारण नोंदवलेले असावे लागते.